पेठकिल्ल्यातला इंग्रज राखणदार

गंगाराम भाटकरांच्या परसात एक इंग्रज साहेब वर्षानुवर्षं डोक्यावर उभा होता, आणि ही गोष्ट अख्ख्या पेठकिल्ल्यात कोणाच्या लक्षात आली नव्हती.

यात पेठकिल्ल्याला दोष देऊ नये. रत्नदुर्गाच्या पायथ्याशी, तिन्ही अंगांना समुद्र घेऊन बसलेली ती वस्ती. जिथे तीन अंगांना समुद्र असतो, तिथे दुपारच्या जेवणानंतर डोळे उघडे ठेवणं माणसाला अपराधासारखं वाटतं. त्यात इतिहास जिकडेतिकडे सांडलेला. कोणाच्या पायरीला आदिलशाहीतला चिरा, कोणाच्या न्हाणीत आंग्र्यांच्या वेळचा. शेजारच्या सोनूबाईचा पाटा तर म्हणे फिरंग्यांच्या गलबतातून उतरलेला, आणि म्हणूनच तिच्या बांगड्याच्या कालवणाला जरासा विलायती वास येतो, असं भाटकरांची मथुरा खाजगीत म्हणायची. इतिहास इतका पायात यायला लागला की माणूस त्याला ठेच लागेपर्यंत ओळखत नाही.

भाटकरांच्या परसात, उंडीच्या झाडाखाली, कमरेएवढा एक काळा खुंट जमिनीत रोवलेला होता. वर गाठीसारखं बोंड, अंगावर तेलाचे आणि शेंदराचे थरावर थर. हा खुंट म्हणजे जागेचा राखणदार. देवदिवाळीला त्याला नारळ, अधूनमधून एक विडी. मथुरा लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिला देवघरात न्यायच्या आधी या खुंटाकडे नेलं होतं आणि सांगितलं होतं, "घरातलं कुणी ऐकलं नाय, तर हा ऐकतो." मथुरानं ते मनावर घेतलं. सकाळी तांदळाचं धुवण उंडीच्या मुळाशी ओतताना ती राखणदारापाशी थांबायची आणि हळू आवाजात बोलायची. काय बोलायची, ते गंगारामांनी कधी विचारलं नाही. त्यांना वाटायचं, बायका देवाशी बोलतात ते भाजीच्या भावाबद्दल असतं.

गंगारामांचा सगळा जन्म भगवती बंदरावरच्या कचेरीत गेला. मुंबईची बोट येणार, ती खोल पाण्यात उभी राहणार, किनाऱ्यावरचे छोटे पडाव तिच्या पोटाला लागणार, आणि माणसं, कोंबड्या, फणस, रडणारी पोरं सगळं एकदम वर चढणार. त्या गर्दीत कानावर पेन्सिल लावून उभे राहणारे गंगाराम हे बंदराचं खरं दीपगृह, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. मग ते निवृत्त झाले, आणि पाठोपाठ बोटीचं येणंही विरळ होत होत थांबलं. माझ्यावाचून बोटीलाही करमेना, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला.

तेव्हापासून गंगाराम दुपारी पडवीत आरामखुर्ची टाकून समुद्राकडे बघत बसत. ऊन पाण्यावर असं पसरायचं की आभाळ कुठे संपतं ते कळू नये. त्या पांढऱ्या धुक्यातून त्यांना शिडं दिसत. आधी आंग्र्यांची गुराबं, मग कंपनी सरकारची गलबतं, मग ब्रह्मदेशच्या थिबा राजाला घेऊन येणारं जहाज. "अख्ख्या पृथ्वीवर इंग्रजांचं राज्य," ते पाहुण्यांना सांगत, "पण एक राजा जपून ठेवायचा म्हटल्यावर त्यांना जागा कुठली आठवली? रत्नागिरी! भरवशाची जागा म्हणून." राजाला कैदेत ठेवलं होतं हा तपशील ते गाळत.

पंच्याऐंशी साल उजाडलं होतं, निवडणुकीची भाषणं सुरू झाली होती. गंगारामांकडे होडीला फासायचं डांबर उरलं होतं. निवृत्त माणसाच्या हातात उरलेलं डांबर ही फार धोक्याची वस्तू. त्यांनी फाटक काळं केलं, विहिरीचा रहाट काळा केला, मांजर थोडक्यात वाचलं. मग नजर राखणदाराकडे गेली. त्यालाही खाऱ्या वाऱ्यापासून संरक्षण नको का? डांबर नीट बसावं म्हणून त्यांनी आधी करवंटीनं जुने थर खरवडले, आणि खरवडता खरवडता लोखंड लागलं. लोखंडावर मुकुट निघाला. मुकुटाखाली झिजलेली इंग्रजी अक्षरं.

"मथुरा!" गंगाराम ओरडले. "अगो, हा खुंट नाय, तोफ हाय! तोंड खाली करून पुरलेली! आणि ती पण इंग्रजांची!"

मथुरा ओले हात पदराला पुसत आली. मुकुटाकडे बघत राहिली. "म्हणजे राखणदार..."

"इंग्रज!" गंगाराम म्हणाले, जणू साहेबाची बदली त्यांनीच करून आणली होती.

मथुरा स्वयंपाकघरात परतली. पण त्या दिवशी आमटीत मीठ पडलं नाही, आणि त्या घरात असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

दुपारी गंगारामांचा डोळा लागला, आणि साहेब आला. लाल कोट, पितळी बटणं, मिशा वाऱ्यावर उडणाऱ्या. समुद्रातून चालत आला तरी बूट कोरडे. पडवीच्या कठड्यावर बसला आणि कपाळ दाबत म्हणाला, "भाटकर, तुम्ही बंदरावरचे सभ्य गृहस्थ. एक सांगा, माणसानं डोक्यावर किती वर्षं उभं राहावं?" साहेबानं एक उसासा टाकला, त्या उसाशानं पडवीतलं कॅलेंडर हललं, आणि तो पुन्हा उन्हात विरघळून गेला. जागे झाल्यावर गंगारामांनी पाहिलं, तर कॅलेंडर खरंच हलत होतं. आता पेठकिल्ल्यात वारा असा असतो की संध्याकाळी घातलेली हाक सकाळी मिऱ्या डोंगरावर ऐकू येते. पण इतक्या साध्या कारणावर गंगाराम विश्वास ठेवणाऱ्यांतले नव्हते.

साहेबाला सरळ करायचं ठरलं. उपटायचा, घरासमोर चिऱ्याच्या चौथऱ्यावर आडवा ठेवायचा, तोंड समुद्राकडे. येणारेजाणारे विचारतील, हे घर कोणाचं?

मथुरा म्हणाली, "जाग्यावाल्याला हलवू नये."

"अगो, तो अवघडलाय. माझ्याजवळ बोलला."

"तुमच्याजवळ बोलला?" मथुरानं हातातली पळी खाली ठेवली. "मी इतकी वर्षं बोलते, मला कधी हूं नाय की चूं नाय. आणि तुमी एक दिवस करवंटी घासली, तर तुमच्याजवळ बोलला?"

या प्रश्नातलं दुःख गंगारामांना त्या वेळी ऐकू आलं नाही. ते लवू तांडेलाला बोलवायला गेले होते.

लवू हा सोनूबाईचा नवरा. एके काळी मचव्यावर तांडेल होता, आणि त्या मचव्यानं अरबस्तानापर्यंतचे सगळे वारे चाखले होते असं तो सांगायचा. मचवा जयगडच्या पुढे गेलेला कोणी पाहिला नव्हता. तोफ बघून तो म्हणाला, "भाऊ, ही तर नुसती सुपारी. मी गलबतं ओढलीत." त्यानं दोरखंड आणले, उंडीच्या फांदीला कप्पी बांधली, आळीतले बाप्ये गोळा केले आणि स्वतः बाजूला उभा राहून "होऽ मालवाऽ" अशी आरोळी ठोकली. सल्ले द्यायला उरलेला पेठकिल्ला जमला होता. एक म्हणाला, आधी पाणी ओता. दुसरा म्हणाला, पाण्यानं लोखंड फुगतं. सोनूबाईनं परसाच्या कडेनं विचारलं, "ती उडणार तर नाय ना वो? माझी चुलीवर भाकरी हाय."

तोफ निघाली. बूच निघाल्यासारखा आवाज झाला आणि सगळे बाप्ये एकमेकांच्या मांडीवर बसले. साहेब मात्र बसला नाही. इतक्या वर्षांनी मोकळा झालेला माणूस एका जागी कसा राहील? तो परसाच्या उतारावरून घरंगळला, डांबर लावलेलं नवंकोरं फाटक घेऊन रस्त्यावर गेला, वळणावर जरा थांबला, गावाकडे पाहिल्यासारखं केलं, आणि उतरून पार पोलीस चौकीसमोर जाऊन, चौकीच्या दाराकडे तोंड करून स्थिर झाला.

लवू तांडेल म्हणाला, "वारा फिरला."

चौकीतून तांबट हवालदार बाहेर आले. सज्जन माणूस, पण कायद्याला जपणारा. त्यांनी तोफेच्या तोंडात डोकावून पाहिलं, मग गंगारामांकडे पाहिलं.

"भाटकर, हे तुमचं?"

"माझ्या परसातलं."

"परवाना?"

"तोफेचा परवाना?"

"निवडणूक हाय. सगळी हत्यारं चौकीत जमा करायचा हुकूम आलाय. परवानावाल्यांच्या बंदुका जमा झाल्या. तुमची तोफ कशी राहिली? आणि तोंड नेमकं चौकीकडे का?"

"ती आपण होऊन आली वो!"

"म्हणजे स्वखुशीनं जमा झाली," हवालदार म्हणाले आणि कागद आणायला आत गेले. थोड्या वेळानं अडचण त्यांच्याही लक्षात आली. बंदुकांच्या कपाटात तोफ मावत नव्हती, आणि चौकीच्या दारातून आत येत नव्हती. तेव्हा त्यांनी ती जागच्या जागी जप्त केली आणि रात्रपाळीचा शिपाई तिच्यावर कपडे वाळत घालू लागला.

गंगाराम मान खाली घालून घरी आले, तर उंबऱ्याबाहेर मथुरा. काखोटीला गाठोडं, हातात तांब्या.

"मी सोनूबाईकडे चालले."

"कशाला?"

"राखणदार जाग्यावर नाय, त्या घरात मी राहायची नाय. तो आला की मी येईन." आणि दोन पावलं जाऊन वळली. "आणि तो इंग्रज हाय म्हणता, तर मग माझं इतक्या वर्षांचं बोलणं त्याला कळलं तरी का? सासूबाई गेल्या तेव्हाचं. आपला मुलगा मुंबईला गेला नि पत्र येईना तेव्हाचं. सगळं मी भिंतीलाच सांगत होते म्हणायचं!"

गंगाराम चपला शोधेपर्यंत ती फाटकाच्या रिकाम्या जागेतून निघून गेली होती.

सोनूबाईची पडवी हाकेच्या अंतरावर होती. तिथे मथुरा पाठ करून बसे. गंगारामांनी पहिल्या दिवशी पेज केली, ती करपली. दुसऱ्या दिवशी केली, ती पातळ झाली, इतकी की तिच्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला आणि तो त्यांना आवडला नाही. दुपारी समुद्रावर शिडं दिसायची बंद झाली. नुसतं पाणी. सोनूबाई येताजाता ऐकवायची, "गंगारामभाऊ, वैनीच्या हातचा तिरफळाचा रस्सा काय वो! आमचे हे बोटं चाटत बसतात." शेजाऱ्याच्या घरात आपल्या बायकोच्या हातचं जेवण शिजतंय आणि वास आपल्याकडे येतोय, यासारखा अपमान कंपनी सरकारनंही कोणाचा केला नसेल.

ते चौकीवर गेले. "हवालदारसाहेब, ते हत्यार नाय. तो आमचा राखणदार."

"मुकुट हाय त्याच्यावर."

"देवालाही मुकुट असतो."

हवालदार विचारात पडले. शेवटी म्हणाले, "हे बघा. देव असेल तर त्याला गाऱ्हाणं घालतात. माझ्यासमोर गाऱ्हाणं घाला. जमलेल्या माणसांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं, तर देव. नाय म्हटलं, तर हत्यार. पंचांच्या साक्षीनं सोक्षमोक्ष."

हे न्याय्य होतं. सगळ्यांनी मिळून तोफ पुन्हा चढवून परसात आणली. उतरताना ती आपण होऊन गेली होती, चढताना मात्र तिनं सगळ्यांची हाडं मोजून घेतली. पूर्वीच्याच खड्ड्यात, पूर्वीसारखीच, तोंड खाली करून ती उभी केली, कारण तिला उलटं करण्याचा धीर आता गंगारामांच्यातही उरला नव्हता. मग केरू गुरवाला आणलं. देवळात गाऱ्हाणं घालावं तर केरूनं. त्याचा आवाज ऐकून खाडीतले मासे वर येतात. केरूनं नारळ हातात घेतला, डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि मिटलं.

"काय झालं?"

"मी घालणार नाय."

"का?"

"हा इंग्रज. माझं मराठी त्याला कळायचं नाय. मी म्हणेन घराला सांभाळ, तो ऐकेल घराला जाळ. मग गावात तोंड कोणाला दाखवू? इंग्रजाला गाऱ्हाणं इंग्रजीत पायजे." असं म्हणून त्यानं नारळ गंगारामांच्या हातात दिला. "तुमी बंदरावर साहेबांना अर्ज लिवत होतात. घाला."

परस माणसांनी भरलं होतं. परसाच्या चिऱ्यांच्या गडग्यापलीकडे सोनूबाईच्या पडवीत मथुरा उभी होती, खांबाला टेकून, बघत नसल्यासारखी. आयुष्यात त्यांनी इंग्रजी लिहिलं ते वरच्या कचेरीलाच, आणि तेवढंच त्यांना येत होतं. त्यांनी टोपी सारखी केली आणि सुरुवात केली.

"रिस्पेक्टेड सर! आय बेग टु स्टेट दॅट यू वेअर रिमूव्ह्ड फ्रॉम युवर प्लेस बाय माय मिस्टेक!"

जमलेल्यांना कळेना, इथे काय म्हणायचं. 'व्हय म्हाराजा' इंग्रजाला कसं चालेल? तेवढ्यात तांबट हवालदारांचे पाय आपोआप जुळले, हात कपाळाला गेला, आणि त्यांच्या तोंडून तोफ सुटावी तसं सुटलं, "येस सर!"

"येस सर!" अख्खं परस गरजलं.

गंगारामांना जोर चढला. "यू आर हियरबाय पुट बॅक विथ फुल ऑनर!"

"येस सर!"

"माय वाइफ मथुरा हॅज शिफ्टेड टु नेबरिंग हाऊस!"

"येस सर!" हे लवू तांडेल सगळ्यांत मोठ्यानं म्हणाला, कारण त्याला रस्सा बंद होण्याची चाहूल लागली नव्हती.

"विदाउट हर, द हाऊस इज..." गंगाराम अडले. अशा मजकुराचा अर्ज त्यांनी पूर्वी कधी केला नव्हता. "द हाऊस इज नॉट इन वर्किंग ऑर्डर. काइंडली डू द नीडफुल. युवर मोस्ट ओबीडियंट, गंगाराम भाटकर."

"येस सर!"

हवालदारांनी खाली आणलेला हात पाठीमागे लपवला. ज्याला आपण सलाम ठोकला त्याला जप्त कसं करणार? "देव हाय," ते गंभीरपणे म्हणाले आणि कागद फाडून टाकला.

पण गडग्यापलीकडून मथुराचा आवाज आला. "कौल लावा. राखणदार राजी झाला का, ते त्याच्या तोंडून कळू दे."

लवूच्या दारातला सोनचाफा वेळकाळ न बघता फुलायचा. त्याची दोन फुलं केरूनं पाण्यात बुडवून तोफेच्या बोंडाला दोन बाजूंनी चिकटवली. उजवं पडलं तर राजी, डावं पडलं तर नाराज. साहेबासमोर बशीत बिस्किटं ठेवली, एक विडी ठेवली. सगळे श्वास रोखून बसले.

फुलं हलेनात. पाणी वाळलं, फुलं हलेनात. ऊन उतरलं, किल्ल्याची सावली परसात आली, दीपगृहाचा दिवा लागला. समुद्र मधाच्या रंगाचा झाला.

"डुलकी लागली असेल," लवू म्हणाला.

"साहेब हाय," हवालदार म्हणाले. "साहेब लगेच उत्तर देत नाय. प्रकरण लंडनला पाठवलं असेल. तिथून मंजुरी यायला वेळ लागतो."

हे सगळ्यांना पटलं. जांभया देत एकेक जण उठला. जाताना केरूनं बिस्किटं उचलली, कारण साहेबाचा नैवेद्य वाया गेलेला त्याला बघवेना.

गंगाराम एकटेच तोफेसमोर बसून राहिले. डोळ्यांसमोर बोट नाही, शीड नाही, लाल कोट नाही. दोन फुलं, तीही ढिम्म. त्यांना वाटलं, लंडन फार लांब.

गडग्याचा एक चिरा हलला. मथुरा पलीकडून आली होती. तिनं आधी राखणदाराला नमस्कार केला, मग नवऱ्याकडे न बघता विचारलं, "त्याला कळलं असेल का वो? माझं बोलणं, इतक्या वर्षांचं?"

गंगारामांनी फुलांवरची नजर काढली. "मथुरा, थिबा राजा आला तेव्हा त्याच्या माणसांना तरी कुठे मराठी येत होतं? आज त्यांची नातवंडं बाजारात मासळीवरून भांडतात. हा तर त्यांच्याही आधीपासून आपल्या परसात. त्याला न कळून कसं चालेल?"

मथुरानं डोळे पुसले. मग एकदम वळली. "मग तुमी इंग्रजीत का बोललात?"

गंगाराम टोपी सारखी करू लागले.

"मला इंग्रजी कळत नाय," ती म्हणाली. "माझं नाव ऐकलं तेवढं. काय मागितलंत त्याच्याकडे?"

"ते... म्हणजे... घराबद्दल होतं."

"मराठीत सांगा."

वारा थांबला होता. पेठकिल्ल्यात वारा थांबत नाही, पण त्या संध्याकाळी तो थांबला होता, असं लवू तांडेल अजून सांगतो, कारण तो गडग्याआड बसून ऐकत होता. गंगारामांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली.

"तू नाय तर घर चालत नाय. पेज करपते. समुद्र बघवत नाय. तू सकाळी इथे काय बोलायचीस, ते मी कधी विचारलं नाय. आता मला सांगशील तर... मी ऐकेन."

मथुरानं पदर खोचला. मग वाकली. तोफेच्या बोंडावरचं उजवं फूल तिनं अलगद काढलं, अंबाड्यात खोवलं आणि घराच्या दिशेनं चालू लागली.

"अगो, तो कौल होता!" गंगाराम दचकून उठले. "आपण होऊन पडायला पायजे होतं!"

"पडलं," मथुरा न वळता म्हणाली. "लंडनला तसं कळवून टाका."